चांदा ते बांदा, आणि त्यापलीकडे

१. एक रास्त तक्रार

वडसा, मूल, अहेरी किंवा खुद्द चंद्रपूर, यांपैकी कोणत्याही गावच्या अभ्यासिकेत सायंकाळी जाऊन बसावे, तर राज्यसेवेची, तलाठ्याची अथवा वनरक्षकाची परीक्षा देऊ पाहणारी मुलेमुली भूगोलाच्या जाड पुस्तकावर मान मोडून बसलेली दिसतात, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, एवढं सारं पाठ कसं करावं जी?" प्रश्न रास्त आहे. नद्या, त्यांच्या उपनद्या, खनिजे, मृदा, जमाती, धरणे आणि जनगणनेचे आकडे अशी ही नामावळी इतकी दीर्घ आहे की, सोमवारी पाठ केलेले गुरुवारी विस्मृतीत जावे, यात विद्यार्थ्याच्या बुद्धीचा काहीच दोष नाही.

दोष पद्धतीचा आहे. लग्नमंडपात दोनशे अपरिचित माणसांची नुसती नावे कानांवर पडली, तर घरी परतेपर्यंत त्यांतील चारही स्मरणात उरत नाहीत. परंतु हा आत्याचा धाकटा दीर, ही त्याची सून आणि तो तिचा मामा, असे नाते कळले म्हणजे तीच माणसे वर्षानुवर्षे ओळखता येतात. भूगोलातील नावांचेही असेच आहे. कोळशाचे नदीशी, नदीचे पावसाशी, पावसाचे पिकाशी आणि पिकाचे माणसाच्या वस्तीशी नाते असते, आणि हे नाते प्रथम स्वतःच्या जिल्ह्यात ओळखावे, मग देशात शोधावे, हा या प्रकरणाचा मार्ग आहे.

या बाबतीत चंद्रपूर आणि गडचिरोलीचा विद्यार्थी पुण्या-साताऱ्याच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक भाग्यवान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'चांदा ते बांदा' या वाक्प्रचारात आपण चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, महाराष्ट्राचे शेवटचे टोक मानतो. पण भारतीय द्वीपकल्पाच्या दृष्टीने पाहिले, तर हे टोक चांगलेच आत आहे, आणि द्वीपकल्पाच्या भूगोलातील बहुतेक प्रकरणांचे नमुने या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

२. आधी जागा निश्चित करावी

कोणत्याही प्रदेशाचा अभ्यास त्याच्या अक्षांश-रेखांशांपासून आरंभावा, ही जुन्या शिक्षकांची शिस्त कंटाळवाणी वाटली, तरी निरर्थक नव्हती. गडचिरोली शहर ८० अंश पूर्व रेखांशाच्या अगदी जवळ आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, आणि आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे या रेखांशावरून ठरलेली आहे. तेव्हा हिशेब असा : ८२.५ मधून ८० वजा केले, अडीच अंश उरले, अडीच गुणिले चार म्हणजे दहा मिनिटे. गडचिरोलीची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे दहा मिनिटे मागे असते. मुंबईचा रेखांश ७२ अंश ५० मिनिटे असल्याने तेथे हाच फरक ३८ मिनिटे ४० सेकंदांचा होतो. म्हणजे गडचिरोलीच्या माथ्यावर सूर्य आला, की मुंबईच्या माथ्यावर येण्यास त्याला आणखी २८ ते २९ मिनिटे लागतात. ही एक आकडेमोड स्वहस्ते केली, की प्रमाणवेळेवरील प्रश्नांचे भय राहत नाही.

३. पायाखालचे चार थर

महाराष्ट्राचा फार मोठा भाग एकाच खडकाचा, बेसाल्ट नावाच्या काळ्या पाषाणाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा उसळून पसरला आणि थिजला. त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. हे लाव्ह्याचे आवरण चांद्याच्या पश्चिमेकडील भागात येऊन विरळ होते आणि संपते, आणि त्याच्याखाली दडलेला प्राचीन भारत तेथून पुढे उघडा पडतो.

सर्वांत जुना थर पट्टिताश्माचा, म्हणजे प्रचंड उष्णता आणि दाब यांनी रूप पालटलेल्या, अंगावर पट्टे असलेल्या कठीण खडकाचा आहे. त्याचे वय शेकडो कोटी वर्षांत मोजावे लागते आणि गडचिरोलीचा बराचसा भाग त्याच्यावर उभा आहे. सुरजागड, देऊळगाव, लोहारा, पिपळगाव येथील लोहखनिज याच पुरातन खडकांच्या सोबतीचे. दुसरा थर राजुरा-कोरपना भागातील चुनखडकाचा. अतिप्राचीन सागराच्या तळाशी तो साचला. गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने का, याचे उत्तर कारखानदारांच्या मर्जीत नसून या सागरतळात आहे. तिसरा थर गोंडवाना खडकांचा, ज्यांच्यात कोळसा सापडतो. चौथा आणि वयाने सर्वांत धाकटा तो बेसाल्ट.

गोंडवाना खडकांच्याच वरच्या, तुलनेने अर्वाचीन थरांत, सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ १९५८ ते १९६१ या काळात एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. रवींद्रनाथ ठाकूरांच्या स्मरणार्थ त्याचे नाव 'बारापासॉरस टागोराय' असे ठेवण्यात आले, आणि त्याचा उभारलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. सिरोंच्याचा हा सर्वांत वयोवृद्ध रहिवासी पाहण्यासाठी सिरोंचेकरांना कोलकात्यास जावे लागते, ही गोष्ट मला काहीशी अन्यायाची वाटते. पण ते असो.

४. कोळसा होता, लोखंड होते; मग पोलाद का झाले नाही?

सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी येथील दलदलीच्या अरण्यांतील वनस्पती गाळाखाली गाडल्या गेल्या आणि त्यांचा कोळसा झाला. तो आजवर टिकला, याचे कारण असे की भूकवचाचे काही लांबट पट्टे दोन्ही बाजूंच्या तुलनेने खाली खचले आणि त्या खोलगट द्रोणींत हे थर झिजेपासून सुरक्षित राहिले. पाणी सखल भागाकडेच धावते. म्हणून पुढे नद्यांनीही बहुशः हेच पट्टे धरले. दामोदर, शोण, महानदी आणि वर्धा-गोदावरी ही भारतातील कोळशाच्या चार प्रमुख पट्ट्यांची नावे चार नदीखोऱ्यांची का आहेत, हे एवढ्यावरून कळते, आणि एकदा कळले की ती यादी पुन्हा पाठ करावी लागत नाही. देशातील कोळशाचा जवळजवळ सगळा साठा याच गोंडवाना खडकांत आहे. घुग्गुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती, बल्लारपूर या खाणी नकाशावर जोडल्या, तर वर्धा नदीचा मार्ग आपोआप रेखाटला जातो.

आता उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा विषय घेऊ. परीक्षेच्या पुस्तकांत तो अत्यंत रुक्षपणे मांडलेला असतो, आणि वस्तुतः त्याच्याइतकी रंजक कथा या जिल्ह्याच्या इतिहासात क्वचितच असेल. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या धंद्याविषयी एक अहवाल लिहिला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळशाची खाण नजीक, असा त्याचा आशय होता. हा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपुरात कापडाची गिरणी चालवणाऱ्या या गृहस्थाला मध्यप्रांत काही नवा नव्हता. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, आणि निष्कर्ष निघाला की हा कोळसा पोलादाच्या कामाचा नाही.

कामाचा का नाही, हे समजून घेतले पाहिजे. झोतभट्टीत लोहखनिज आणि इंधन एकावर एक रचलेले असते, आणि त्या राशीचा भार खालच्या इंधनाला सोसावा लागतो. काही जातींचा कोळसा, हवा न लागू देता भाजला असता, घट्ट, सच्छिद्र आणि न चुरडणाऱ्या ढेकळांत रूपांतरित होतो. या ढेकळांना कोक म्हणतात आणि अशा कोळशाला कोकक्षम कोळसा. झरियाचा कोळसा या जातीचा आहे, वरोऱ्याचा नव्हता. चांद्याला लोखंड होते, कोळसा होता, पण भट्टीला हवा असलेला कोळसा नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या माणसांनी चांद्याच्या टेकड्या पुन्हा एकवार धुंडाळल्या आणि खनिज पुरेसे मोठ्या साठ्यात मिळेना, म्हणून शोध सोडून देण्याचे ठरले. हे कळवण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले असता संबंधित अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी ते जवळच्या संग्रहालयात शिरले आणि तेथे टांगलेल्या मध्यप्रांताच्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाच्या खुणा त्यांच्या दृष्टीस पडल्या. नकाशा रिकाम्या वेळीही वाचावा, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते या प्रसंगाच्या आधारावर. दल्ली-राजहराच्या त्या डोंगरात खनिज विपुल निघाले. मात्र योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळपास नसल्याने टाटा आणखी पूर्वेकडे वळले. अखेर गोरुमहिसानीचे खनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा-खरकाई यांच्या संगमाचे पाणी ही तिन्ही जेथे आवाक्यात येत होती त्या साकची गावी कारखाना झाला. कंपनी १९०७ ची, पोलाद १९१२ चे. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ साली. दल्ली-राजहराचे खनिजही वाया गेले नाही. १९५९ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या कारखान्याला तेच लागले.

ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत पुष्कळ घटते, त्याच्या जवळ कारखाना जातो, हा नियम या एका कथेत सामावलेला आहे. आणि कथेचे उपप्रकरण असे की, पोलादाला नालायक ठरलेल्या जातीचा कोळसा वाफ करण्यास उत्तम असतो. म्हणून चंद्रपूरला औष्णिक विद्युत केंद्र झाले, त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी इरई नदीवर धरण बांधलेले आहे. कोळसा आणि राख बाहेर वाहून नेण्यापेक्षा तारेतून वीज नेणे सोपे. फक्त धूर आणि राख चांद्याच्या वाट्याला येतात, हे प्रश्नपत्रिकेत क्वचितच विचारले जाते. अलीकडे सुरजागडचे खनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागले आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाना उभा राहिला आहे.

५. आखूड नदीचे विशाल खोरे

परीक्षेत विचारतात : गोदावरीची, खोऱ्याच्या विस्ताराने सर्वांत मोठी उपनदी कोणती? उत्तर प्राणहिता. विद्यार्थी गोंधळतो, कारण ही नदी जेमतेम ११३ किलोमीटर लांबीची आहे. खुलासा सोपा आहे. वर्धा बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांतून निघून घुग्गुसजवळ वढा येथे तिला मिळते. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून निघते. वर्धा आणि वैनगंगा यांचा चपराळ्याजवळ संगम झाला, की तेथून पुढील प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. नाव नवे, पाणी मात्र अर्ध्याहून अधिक विदर्भाचे. नागपुरातील नाग नदीसुद्धा कन्हान आणि वैनगंगा यांच्या मार्फत अखेर येथेच येते. गोदावरीच्या सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी १ लाख ९ हजार, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक, एकट्या प्राणहितेच्या हिश्श्याचे आहे.

सिरोंच्यासमोर, कालेश्वरला, प्राणहिता गोदावरीस मिळते. तेलंगणाने २०१९ मध्ये मेडीगड्डा येथील बंधारा या संगमाच्या खाली बांधला, वर नव्हे. कारण नाशिकपासून जायकवाडीपर्यंत आणि पुढेही अडवल्या गेलेल्या गोदावरीला भरपूर पाणी मिळते ते येथेच. बंधाऱ्याचा लाभ पैलतीराला आणि फुगवट्याची तक्रार सिरोंच्याच्या शेतकऱ्याला, ही आंतरराज्य जलविवादाची घरची आवृत्ती समजावी. त्याही पुढे सोमनूरला इंद्रावती गोदावरीस मिळते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावतीला पूर असला, की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगते, पुलावर चढते आणि तालुक्याचे गाव जगापासून तुटते. पूर केवळ स्थानिक पावसाने येत नाही, हे शिकण्यास भामरागडइतके उत्तम उदाहरण नाही.

६. पाऊस, धान आणि तलाव

सह्याद्री ओलांडल्यावर पाऊस झपाट्याने घटतो, सोलापूरकडे अगदीच रोडावतो, आणि पूर्व विदर्भात पुन्हा वाढतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्रावरील शाखा पश्चिमेकडून थकून आलेली असते, पण बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे छत्तीसगडमार्गे इकडे सरकतात आणि गडचिरोलीला सुमारे १,३०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस देऊन जातात. उन्हाळ्यात मात्र दोन्ही समुद्र दूर आणि भूमीची उंची दोनशे मीटरच्या आसपास, त्यामुळे ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर येथे पारा ४७ अंशांच्या घरात जातो.

वरोऱ्याहून चंद्रपूरमार्गे मूल, सिंदेवाहीकडे जाणाऱ्या सडकेवर खिडकीशी बसून प्रवास करावा. आधी काळी जमीन आणि कापूस, मधे कोळशाच्या खाणींचे ढिगारे, आणि मूल आले की धानाच्या बांध्या. पाऊस थोडाफारच बदलला. बदलला तो खडक, आणि त्याबरोबर माती. परंतु धानाला ऐन दाणा भरण्याच्या वेळी पाणी हवे असते आणि तेव्हा पाऊस निघून गेलेला असतो. यावर तोडगा म्हणून गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो तलाव बांधले. इंग्रजी अमलात गावाच्या साऱ्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली ते मालगुजार या तलावांचे धनी झाले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव सरकारजमा झाले. सरकारी दप्तरात त्यांना आजही 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. मालकी बदलली, पण गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे बराच काळ कोणीच ठरवले नाही, आणि पुष्कळ तलाव उथळ झाले. सिंचनाचा प्रश्न केवळ पाण्याचा नसतो, महसूल-व्यवस्थेचाही असतो.

याच धानपट्ट्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात, दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडले.

७. सीमा कोणी आखल्या?

सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू ऐकू येते, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाडीबोली. एवढी सरमिसळ का? कारण जिल्ह्याची हद्द भाषेने नव्हे, अंमलाने ठरत गेली. सिरोंचा हे १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. राजुरा निजामाच्या राज्यात होता आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी कोलाम जिवती-कोरपन्यात आणि माडिया भामरागडच्या परिसरात, असे दोन याच दोन जिल्ह्यांत भेटतात.

वनहक्कांचा प्रश्न आला, तर धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा विसरू नये. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हाती आला.

८. चौऱ्याहत्तर माणसे

शेवटी एका आकड्याची परीक्षा करू. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे, ही राज्यातील सर्वांत कमी घनता. चंद्रपूरची घनता १९३, महाराष्ट्राची ३६५. यावरून जिल्हा ओस आहे असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. उरलेली भूमी ठोकळमानाने ४,८०० चौरस किलोमीटर धरली, तर १०,७२,९४२ भागिले ४,८०० म्हणजे सुमारे २२३. वनातही गावे आहेत, म्हणून हा आकडा काटेकोर नाही. पण शेतीयोग्य भूमीवर पडणारा भार ७४ पेक्षा कितीतरी अधिक आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते. पहिल्या आकड्याला गणिती घनता म्हणतात. दुसऱ्याला, हिशेबात केवळ लागवडीची भूमी घेतली असता, शारीरिक घनता. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी जे घडते, तेच तत्त्व येथे वैनगंगेच्या काठी लहान प्रमाणावर दिसते.

हीच आकडेमोड वाचकाने आता आपल्या तालुक्यासाठी करावी, मग राजस्थान आणि अरुणाचल प्रदेश यांसाठी करून पाहावी. पुढील जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतील, तेव्हा वहीतील ७४ खोडून त्या जागी नवा आकडा लिहावा. १४,४१२ तसाच राहू द्यावा.